मूलाँ रूजचं कॉफी शॉप आणि आमच्या गावचं हॉटेल

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेले होते. एके दिवशी मुलगा म्हणाला, "आई, चल, तुला लास वेगास दाखवतो." मी म्हटलं, "अरे, धर्मराजाची काय गत झाली ते लहानपणी तुला मीच सांगितलं ना? आणि आता मलाच जुगाराच्या गावाला नेतोस?" तेव्हा सून हसून म्हणाली, "आई, खेळायचं नाही हो. नुसतं बघायचं आणि जेवायचं." जेवायचं म्हटल्यावर मी तयार झाले, खोटं कशाला बोलू!

आम्ही उतरलो ते हॉटेल म्हणजे एक गावच होतं. खोलीतून जेवायला जायचं तर वाट जुगाराच्या यंत्रांमधूनच. दुसरी वाट नाहीच. त्या भल्यामोठ्या दालनात ना खिडकी दिसली, ना घड्याळ. बाहेर दिवस आहे की रात्र ते कळूच नये, अशी सगळी मांडणी. शेवटी एका कोपऱ्यात चोवीस तास उघडं असणारं साधंसं कॉफी शॉप सापडलं. गुबगुबीत बाकडी, जाड कपात कॉफी, आणि कप रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरून जाणारी वयस्क वेट्रेस. मेनूवर पॅनकेक, चीजमधली मॅकरोनी, टोमॅटोचं सूप आणि भाजलेलं चीज सँडविच. नात म्हणाली, "आजी, याला कम्फर्ट फूड म्हणतात." मी म्हटलं, "कळलं गं. आपला मऊ भात, तूप आणि मेतकूट." गुडघे दुखत होते, डोकं त्या यंत्रांच्या आवाजानं भणाणलं होतं. ते गरम सूप पोटात गेलं आणि खरंच जिवाला बरं वाटलं.

पण मास्तरीण ती मास्तरीणच! जुगाराच्या अड्ड्यात हे घरगुती जेवण आलं कुठून, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी परतल्यावर मुलाच्या मदतीनं बरंच वाचलं. ते सांगते.

नेवाडा राज्यानं १९३१ साली जुगार कायदेशीर केला. मंदीचे दिवस होते, राज्याला पैसा हवा होता. त्याच वर्षी जवळच हूवर धरणाचं काम सुरू झालं आणि त्या वाळवंटातल्या छोट्याशा गावाच्या आसपास हजारो मजूर आले. पुढे एप्रिल १९४१ मध्ये टॉमस हल नावाच्या हॉटेलवाल्यानं गावाच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर 'एल रांचो वेगास' उघडलं. आज ज्याला 'स्ट्रिप' म्हणतात, त्या रस्त्यावरचं हे पहिलं कॅसिनो हॉटेल. तिथेच चाळीसच्या दशकात रात्री उशिरा एका डॉलरमध्ये पोटभर जेवण मांडायला सुरुवात झाली असं सांगतात. हेतू साधा होता. रात्री भूक लागली म्हणून गिऱ्हाईक उठून जाऊ नये. जेवणात डॉलरभर तोटा झाला तरी पोट भरलेला माणूस पुन्हा टेबलाशी जाऊन बसणार, आणि तिथे तो तोटा कितीतरी पटीनं भरून निघणार. मग इतरांनी तोच कित्ता गिरवला. 'गोल्डन गेट' कॅसिनोत १९५९ पासून कोळंबीचं कॉकटेल ५० सेंटला मिळायचं, आणि त्यासाठी लोक रांगा लावायचे. म्हणजे ते स्वस्त, मायेचं जेवण हा खरं तर गळाला लावलेला आमिषाचा गोळा होता!

इथवर वाचून मला गंमत वाटत होती. पुढचं वाचलं आणि गंमत संपली.

ही स्वस्त थाळी सगळ्यांसाठी नव्हती. चाळीस-पन्नासच्या दशकांत स्ट्रिपवरच्या हॉटेलांत कृष्णवर्णीय माणसाला गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नसे. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे नामवंत कलाकार तिथे गात, नाचत, टाळ्या घेत. पण कार्यक्रम संपला की त्याच हॉटेलात राहायची, जेवायची सोय त्यांना नसे. रेल्वेरुळांपलीकडच्या वेस्टसाइड वस्तीत कुणाच्या तरी घरगुती खाणावळीत त्यांनी उतरायचं. कला चालते, पंगत चालत नाही!

मे १९५५ मध्ये त्याच वस्तीजवळ 'मूलाँ रूज' नावाचं कॅसिनो हॉटेल उघडलं. तिथे गोरे-काळे सगळे एकत्र बसत. मुष्टियोद्धा जो लुई दारात पाहुण्यांचं स्वागत करायचा. ते खूप गाजलं, पण काही महिन्यांतच बंद पडलं. पुढे १९६० साली डॉ. जेम्स मॅकमिलन या कृष्णवर्णीय दंतवैद्यानं, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष म्हणून, इशारा दिला की हा भेद बंद करा, नाहीतर आम्ही स्ट्रिपवर मोर्चा काढतो. हॉटेलवाले घाबरले. मोर्च्याची बातमी देशभर झाली तर धंदा बसणार! शेवटी २६ मार्च १९६० रोजी तडजोड झाली आणि बहुतेक हॉटेलांनी दारं उघडली. मंडळी, ही बैठक कुठे झाली असेल? बंद पडलेल्या त्या मूलाँ रूजच्या कॉफी शॉपमध्ये!

अर्थात टेबलाशी बसायला मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. चांगल्या नोकऱ्यांची दारं उघडायला १९७१ साल उजाडलं, तेही कोर्टामार्फत झालेल्या कराराने. आणि १९९० मध्ये हॅटी कँटी ही हॉटेलात खोल्या झाडणारी, दहा मुलांची आई तिथल्या कलिनरी युनियनची अध्यक्ष झाली. फ्रंटियर हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी सप्टेंबर १९९१ ते फेब्रुवारी १९९८ असा सहा वर्षांहून जास्त संप केला, आणि एकही जण फुटला नाही. आमच्या कपात कॉफी ओतणाऱ्या त्या बाईचा चेहरा मला हे वाचताना सारखा आठवत होता.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं होतं का?"

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं... तारीख झोपेतही सांगेन. उत्तरही तयार होतं, की आपल्याकडे १९५५ सालीच कायद्यानं हा गुन्हा ठरवला. म्हणजे मूलाँ रूज उघडलं त्याच वर्षी. पण ते उत्तर तोंडातून निघेना. कारण १९६० साली मी नऊ-दहा वर्षांची होते आणि आमच्या गावच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात वडिलांबरोबर भजी खायला जायचे. त्या हॉटेलाच्या बाहेर, कुडाच्या भिंतीला एक खुंटी होती आणि तिच्यावर कान तुटलेले दोन कप टांगलेले असायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तो कप काढून घेत, वरून ओतलेला चहा उभ्यानं पीत, कप स्वतः विसळून परत टांगत. तो मुलगा शेजारी उभा असे. एकदा त्याची-माझी नजरानजर झाली. मी मान खाली घातली आणि भजी खात राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चौतीस वर्षांत महाडचा धडा मी किती वेळा शिकवला असेन! पण त्या खुंटीबद्दल वर्गात एकदाही बोलले नाही. धडा महाडचा होता, खुंटी माझ्या गावची होती. नातीला मात्र सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू त्याला एक भजी द्यायची ना." यावर मी काय बोलणार!

असो. मूलाँ रूजची इमारत आता उरलेली नाही, पण तिची दिव्यांची पाटी तिथल्या निऑन म्युझियममध्ये जपून ठेवली आहे. आमच्या गावचं ते हॉटेलही गेलं, तिथे मोबाइलचं दुकान आहे. ती खुंटी कुणी जपली नाही, जपणार तरी कोण? घरच्यांपैकी ज्यांना ते हॉटेल आठवत असेल, त्यांनी मला फोन करावा. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे कुणाला ठाऊक असेल तर तेही सांगा. त्याच्याशी बोलायचं राहून गेलंय.