मोत्यांची चादर : बडोद्याहून दोह्यापर्यंत

आपल्या घरांत जुनी नथ असते. आजीची किंवा पणजीची. ती हातात घेतली की घरातले कोणी वडीलधारे माणूस हमखास सांगते, "हे बसऱ्याचे मोती आहेत हो, आता असे मिळत नाहीत." लहानपणी हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले, पण त्यामागे किती मोठा इतिहास आहे हे कळायला बडोद्याच्याच एका विलक्षण वस्तूची गोष्ट वाचावी लागली. ती वस्तू आता बडोद्यात नाही. म्हणूनच ती गोष्ट आपल्या स्मरणिकेत यावी असे वाटले.

ही वस्तू म्हणजे महाराज खंडेराव गायकवाडांची मोत्यांची चादर. खंडेराव १८५६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये वारले. कुस्ती, शिकार, साठमारी आणि जडजवाहीर हे त्यांचे शौक. ब्राझीलमध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा सुमारे १२८ कॅरटचा हिरा त्यांनी विकत घेतला होता. त्यांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, तर त्यांचे बंधू मल्हारराव यांनी त्यावर कडी करून सोन्याच्या ओतवल्या. अशा दरबारात एखादी मौल्यवान वस्तू घडली तर नवल नाही. नवल आहे ते ही वस्तू कोणासाठी घडली याचे.

१८६५ च्या सुमारास खंडेरावांनी ही चादर करवून घेतली ती मदिनेतील पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी. एका नवसापोटी, असेही सांगितले जाते. खंडोबा हे गायकवाडांचे कुलदैवत. त्या घराण्यातला राजा, ज्याचे नावच खंडेराव, तो मदिनेला पाठवण्यासाठी लाखो मोती ओवून घेतो. आज आपल्याला हे वाचताना थांबून विचार करावासा वाटतो. त्या काळच्या बडोद्यात मात्र यात विसंगती वाटली नसावी. पीराला नवस बोलणारी मराठी घरे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत काही थोडीथोडकी नव्हती.

आता चादरीकडे पाहू. लांबी सुमारे २.६४ मीटर, रुंदी १.७४ मीटर. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या सतरंजीएवढीच. रेशीम आणि हरणाच्या मऊ कातड्यावर मोती गुंफलेले. मोत्यांची संख्या अंदाजे १५ लाख! भागाकार करून पाहिला तर एका चौरस सेंटीमीटरमध्ये तीसहून अधिक मोती येतात. एखादा कारागीर दर दहा सेकंदांना एक मोती या वेगाने रोज आठ तास बसला, तर एकही सुटी न घेता त्याला जवळजवळ दीड वर्ष लागेल. शिवाय प्रत्येक मोत्याला आधी वेज पाडायचे, ते वेगळेच. मध्यभागी हिऱ्यांची तीन मोठी वर्तुळाकार फुले, भोवती वेलबुट्टी, त्यात माणके, पाचू, नीलमणी. आणि गंमत म्हणजे वेलींतले रंग भरायला चक्क काचेचे मणीही वापरले आहेत. रंग हवा तसा आला म्हणजे झाले. तिथे कारागिराने किमतीचा विचार केला नाही.

हे मोती आले कोठून? बहारीन आणि कतारच्या किनाऱ्यावरून. उन्हाळ्याचे महिने होड्या समुद्रात असत. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे तळाशी जात आणि श्वास टिकेल तेवढ्या वेळात शिंपले गोळा करून वर येत. तो माल मुंबईच्या बाजारात येई. तिथे मोत्यांची वर्गवारी होई, वेजे पडत आणि मग ते राजेरजवाड्यांकडे, सराफांकडे आणि शेवटी आपल्या पणजीच्या नथेत जात. पुढे जपानी संवर्धित मोती बाजारात आले, १९३० च्या आसपास आखाती मोत्यांचा धंदा बसला. "आता असे मिळत नाहीत" याचा अर्थ हा. तशी चादर आता करायची म्हटले तरी होणार नाही.

चादर मदिनेला गेली नाही. ती पाठवण्यापूर्वीच खंडेराव वारले. ती बडोद्याच्या जवाहिरखान्यात राहिली. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात सयाजीराव महाराजांच्या काळात ती लोकांनी पाहिली. इंग्रजांनी तिला 'कार्पेट' म्हटले आणि तेच नाव जगभर रूढ झाले. पण जी कबरीवर घालायची ती चादर. पायाखालचा गालिचा नव्हे.

पुढे महाराज प्रतापसिंहरावांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी युरोपात, मोनॅकोत स्थायिक झाल्या. बडोद्याचे बरेच जवाहीर त्यांच्याबरोबर गेले, त्यात ही चादरही. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे साठ वर्षांनी, मार्च २००९ मध्ये, दोह्यात चादरीचा लिलाव झाला. किंमत आली सुमारे ५५ लाख डॉलर. आज ती कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

म्हणजे पाहा, ज्या समुद्रातून मोती निघाले त्याच किनाऱ्यावर ते परतले. मदिना राहिले, बडोदेही राहिले. वाईट वाटते, पण कतारमध्ये ती निदान काचेआड नीट जपलेली आहे, नावासह, 'बडोद्याची' म्हणून. तिजोरीत कुलूपबंद राहिली असती तर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असती?

मला टोचते ते वेगळेच. पंधरा लाख मोती ओवणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्यापाशी नाही. राजाचे नाव आहे, हिऱ्यांचे वजन आहे, लिलावाची किंमत डॉलरपर्यंत आहे. आपल्या घरांतही तसेच होते. ट्रंकेत फोटो असतात. फेटेवाले आजोबा, नऊवारीतल्या बायका, आणि मागे कोरा पुठ्ठा. कोण हे, विचारायला आता माणूस उरत नाही. या गणपतीत सगळे घरी जमतील तेव्हा आरतीनंतर अर्धा तास काढा. ट्रंक उघडा, मोठ्यांना विचारा, फोटोमागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावे लिहा. आणि आजीची नथ कोणी घडवली, कोठून आली, तेही विचारून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!