हरताळ आणि पाणमांजर

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘बुक ऑफ केल्स’ पाहायला गेले, तेव्हा काचेखाली वेगळंच पान उघडलेलं होतं. मला हवं होतं ते चौतिसावं. ते शेवटी छापील प्रतिकृतीतच पाहिलं. इ.स. 800च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेला हा लॅटिन शुभवर्तमानांचा ग्रंथ. चौतिसाव्या पानावर येशूच्या जन्माची कथा सुरू होते, तिथे ‘ख्रिस्त’ या नावाची ग्रीक अक्षरं जवळजवळ अख्खं पान व्यापतात. उरलेल्या मजकुराला तळाशी जेमतेम कोपरा.

त्या तळाशीच माझी नजर अडकली. तोंडात मासा धरलेलं काळं पाणमांजर. मासा ही ख्रिस्ताचीच जुनी खूण. पलीकडे उंदीर एक गोल चकती कुरतडतायत, बहुधा प्रभुभोजनातली भाकर, आणि मांजरं नुसती बसून आहेत. वर पतंग, देवदूत. जमीन, पाणी, हवा, सगळी सृष्टी त्या एका नावात आली, हा अर्थ मला मनापासून पटतो.

पानावर सोन्याचा वर्ख कुठेच नाही. ती पिवळी झळाळी हरताळ या खनिजाची! आपले लेखनिक पोथीतली चूक झाकायला हाच हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला.

1007 साली केल्सच्या चर्चमधून एक ग्रंथ चोरीला गेला. तो हाच, असं मानतात. दोन-अडीच महिन्यांनी तो मातीखाली सापडला. वेष्टनावरचं सोनं तेवढं चोरांनी ओरबाडून नेलं होतं.