जेत्यांनी स्वीकारलेला धर्म

१२५८ साली हुलागू खानाच्या मंगोल फौजेने बगदाद लुटले आणि अब्बासी खलिफाला ठार मारले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत इराण, व्होल्गाचे खोरे आणि मध्य आशिया इथली चंगेजखानाची तिन्ही घराणी मुसलमान झालेली होती. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांचा धर्म का घेतला, याचे उत्तर मंगोलांच्या आधीच्या काळात शोधावे लागते.

गवताळ प्रदेशात इस्लाम प्रथम पोचला तो व्यापारी काफिल्यांबरोबर. ख्वारज्म आणि बुखाऱ्याचे व्यापारी कातडी, घोडे आणि गुलाम घेण्यासाठी उत्तरेकडे जात. व्होल्गाकाठच्या बल्गारांच्या राजाने खलिफाकडे धर्मशिक्षक मागितले आणि ९२२ साली इब्न फदलान ज्यात होता ते शिष्टमंडळ तिथे पोचले. पूर्वेला काश्गरकडे काराखानी या तुर्की घराण्यातल्या सातुक बुघरा खानाने इस्लाम स्वीकारला. पुढे ९६० साली तुर्कांच्या दोन लाख तंबूंनी हा धर्म घेतल्याची नोंद अरबी बखरीत आहे. आकडा फुगवलेला असेल, पण माणसे एकेकटी नव्हे, टोळ्याच्या टोळ्या धर्मांतर करत होत्या हे त्यावरून कळते. बाराव्या शतकात यसी गावच्या अहमद यसवी या सूफी संताची शिकवण तुर्की बोलीतून पसरली.

म्हणजे मंगोल आले तेव्हा जमीन नांगरून तयार होती. पश्चिमेकडे गेलेले मंगोल संख्येने थोडे, प्रजा आणि सैन्य बहुतांशी तुर्की. त्यांनी आधी प्रजेची भाषा उचलली, मग धर्म.

व्होल्गाकाठच्या मंगोल घराण्यातल्या बातू खानाचा भाऊ बर्के हा बुखाऱ्याच्या शेख सैफुद्दीन बाखर्झीच्या प्रभावाखाली आला. १२६२ मध्ये तो आपलाच चुलतभाऊ हुलागू याच्याशी लढला आणि इजिप्तचा सुलतान बैबर्स याच्याशी त्याने मैत्री केली. त्या वैरात श्रद्धेइतकाच कॉकेशसच्या कुरणांचाही वाटा होता. इराणात गाझान खानाने १२९५ साली गादीच्या झगड्यात अमीर नौरूझच्या सल्ल्याने इस्लाम घेतला. व्होल्गाकाठी १३१३ साली गादीवर आलेल्या उझबेक खानाने तो राज्याचा धर्म केला.

उझबेक खानाच्या धर्मांतराची लोककथा फार बोलकी आहे. बाबा तुक्लेस नावाचा संत धगधगत्या भट्टीत शिरून सुखरूप बाहेर आला, त्याच्याशी पैज लावणारा खानाचा मांत्रिक मात्र जळून गेला. संताची थोरवी इथे मांत्रिकाच्याच मापाने मोजली आहे. पुढे नोगाई सरदारांनी याच संताला आपला मूळपुरुष मानले. नवा धर्म असा कुळाच्या वंशावळीत जाऊन बसला. जुन्या चालीही टिकल्या: उझबेकच्या दरबारात राण्यांना मिळणारा उघड मान पाहून प्रवासी इब्न बतूता चकित झाला होता.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर मध्य आशियातल्या पूर्व चगताई प्रदेशातला तुघलुक तैमूर खानही मुसलमान झाला. त्याच्याच वंशातल्या युनूस खानाची मुलगी कुतलुग निगार खानम ही बाबराची आई. हिंदुस्थानातल्या मुघल घराण्याच्या धर्माची एक मुळी थेट या धर्मांतरापर्यंत जाते.