मेर्सेन संख्या, ६७ व्या घाताची
२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता येणारी १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या. फ्रेंच गणिती मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये ती अविभाज्य मानली होती. १८७६ मध्ये एद्वार ल्यूका यांनी ती विभाज्य असल्याचे सिद्ध केले. तथापि त्यांच्या कसोटीतून तिचे अवयव मिळत नव्हते. १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे अवयव अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये दिले. त्यांचा गुणाकार कागदावर सहज पडताळता येतो. ते शोधून काढणे मात्र अतिशय कष्टाचे होते. संख्या विभाज्य आहे हे जाणणे व तिचे अवयव शोधणे हे भिन्न प्रश्न आहेत, हे यावरून स्पष्ट होते. १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए या गुप्तलेखनपद्धतीची सुरक्षितता मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या याच दुष्करतेवर अवलंबून आहे.