शिलेदाराचा पहिला घोडा
(नभोवाणीवरील भाषण)

मराठ्यांच्या फौजेंत स्वार दोन प्रकारचे असत: बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार आपला घोडा आपण घेऊन येई. अर्थात् घोडा कोणता असावा, हा निर्णय बारगिरापुरता सरकारचा असे आणि शिलेदारापुरता त्याच्या घरचा. गंगथडी, भीमथडी, नीरथडी व माणदेश या मुलखांतल्या घोड्यांचें त्या काळीं मोठें नांव होतें. उंचीनें ते बेताचे, पण काटक आणि आडवाटेला भरंवशाचे. मी राहतों तें चकलांबा हें गांव याच गंगथडींतलें, म्हणजे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतलें. आतां आमच्याकडे घोडा वरातीपुरता उरला असून त्याची जागा फटफटीनें घेतली आहे. शिलेदारापुढचा प्रश्न मात्र जसाच्या तसा शिल्लक आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न गेल्या दिवाळींत माझ्याच घरीं उभा राहिला. नातवाला अठरावें वर्ष पुरें झालें आणि त्यानें मोटारसायकलीची गोष्ट काढली. त्याला साधी गाडी नको होती. पुढें कवच, खालीं झुकलेलें हँडल, मागें उंच बैठक, अशी मुलें जिला 'स्पोर्ट्स बाइक' म्हणतात ती हवी होती. त्याच्या वडिलांनीं एका शब्दांत नकार दिला. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. या गाड्यांचा कांहीं इतिहास आहे कीं नाहीं?" मी मॅट्रिक झालेला जुना शाळामास्तर, यंत्रशास्त्राचें मला ज्ञान नाहीं. पण प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून मीं शोध केला. त्यांतून जें हातीं लागलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट अशी कीं, लहान इंजिन म्हणजे गरिबाची सोय, ही आपली समजूत खरी नाहीं. इटलींत १९५३ सालीं 'मोटोजिरो' ही देशभर फिरणारी शर्यत सुरू झाली. तींत १७५ सी. सी. पेक्षां मोठ्या इंजिनाला प्रवेशच नव्हता. १९५५ सालीं डुकाटी कारखान्याच्या अवघ्या ९८ सी. सी. च्या गाडीनें तींत आपला वर्ग जिंकला आणि त्या कारखान्याचें नांव झालें. जपानची होंडा कंपनी १९५९ सालीं आइल ऑफ मॅन या बेटावरील विख्यात शर्यतींत प्रथम उतरली, तीहि १२५ सी. सी. च्या गाड्या घेऊन. दोनच वर्षांनीं, १९६१ सालीं, तिनें तेथें १२५ आणि २५० हे दोन्ही वर्ग जिंकले. तेव्हां लहान इंजिनाची वेगवान गाडी ही दुधाची तहान ताकावर भागविण्याची युक्ति नव्हे. तिचें कुळ स्वतंत्र आहे आणि मानाचें आहे.

आपल्याकडे ही विद्या उशिरां आली. माझ्या लहानपणीं गांवांत दुधाच्या किटल्या लटकवलेली राजदूत दिसे आणि फौजदाराची बुलेट लांबूनच ऐकूं येई. १९६१ पासून म्हैसुरास जावा गाड्या तयार होऊं लागल्या. त्याहि शहरांतल्या हौशी माणसांच्या. परवान्यांचा काळ होता, गाडीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावावा लागे, आणि निवडीचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. मिळेल ती गाडी आपली.

१९८३ सालीं राजदूत ३५० ही गाडी बाजारांत आली. इंजिन यामाहाच्या नमुन्याचें, दोन सिलिंडरांचें, सुमारें ३० अश्वशक्तीचें. मूळ जपानी गाडीला पुढच्या चाकास डिस्क ब्रेक असे. येथें बनलेल्या गाडीला पुढेंहि ड्रम ब्रेकच होता. पळविणारें यंत्र एका तोलाचें आणि थांबविणारें दुसऱ्या तोलाचें, असा हा जोड होता. ती गाडी आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय आहे. पण नवशिक्यानें तिच्यापासून घ्यावयाचा धडा निराळा आहे: गाडीचें इंजिन पाहण्याआधीं ब्रेक पाहावा.

त्यानंतर थोड्याच वर्षांत सगळा बाजार पालटला. १९८४ ते १९८६ या काळांत सुझुकी, होंडा, यामाहा व कावासाकी या चारहि जपानी कंपन्यांच्या शंभर सी. सी. च्या गाड्या देशांत बनूं लागल्या. आमच्या मराठवाड्याला या बदलाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला. औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, वाळूज येथें बजाजचा कारखाना १९८५ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला. शेतकऱ्यांचीं कितीतरी मुलें तेथें कामाला गेलीं आणि सुट्टींत स्वतःच्या फटफटीवर बसून गांवीं येऊं लागलीं.

याच काळांतल्या दोन गाड्यांची तुलना मोठी बोधप्रद आहे. हीरो होंडाची सी. डी. १०० आणि यामाहाची आर. एक्स. १००, दोन्ही १९८५ च्या आणि दोन्हींचें इंजिन शंभर सी. सी. च्या किंचित् आंतलें. परंतु पहिलीची शक्ति सुमारें ७ अश्वशक्ति, तर दुसरीची ११. पहिलें इंजिन चार फेऱ्यांचें, शांत आणि काटकसरी. दुसरें दोन फेऱ्यांचें, एका विशिष्ट वेगानंतर एकदम उसळी घेणारें. यावरून दिसतें कीं, सी. सी. चा आंकडा हें केवळ भांड्याचें माप आहे. त्यांत ताक आहे कीं आसव, तें मापावरून कळत नाहीं. पुढेंहि हाच अनुभव आला. २००३ ची करिझ्मा २२३ सी. सी. ची होती, २००८ ची यामाहा आर. १५ जेमतेम १५० सी. सी. ची. तरीहि पाण्यानें थंड होणाऱ्या, चार झडपांच्या इंजिनामुळें या दुसरीची शक्ति पहिलीइतकीच, सुमारें १७ अश्वशक्ति, भरली.

मधल्या काळांत १९९९ सालीं सी. बी. झेड. आणि २००१ सालीं पुण्याच्या बजाजची पल्सर आली व तरुणांना वेगाची गोडी लागली. २००४ च्या 'धूम' चित्रपटानें तेराशें सी. सी. ची हायाबुसा पडद्यावर आणली. घेणें शक्य नसलें तरी तसें दिसावें, ही इच्छा तेव्हांपासून गांवोगांव पसरली. २०१२ सालीं पुण्याजवळच्या चाकण येथें तयार झालेली के. टी. एम. ची ड्यूक २०० ही २५ अश्वशक्तीची गाडी विक्रीला आली. २०१४ सालीं त्याच घराण्याची आर. सी. ३९० आली, ती सुमारें ४३ अश्वशक्तीची. म्हणजे १९८५ पासून तीस वर्षांच्या आंत, सामान्य घरांतला मुलगा ज्या गाडीवर बसूं शकतो तिची शक्ति सातांवरून त्रेचाळीसांवर, सहा पटींनीं गेली. मुलाचे डोळे, मनगट आणि समज मात्र त्याच्या बापाच्या वेळीं होती तितकीच राहिली.

शाळामास्तराच्या संवयीनें एक गणित मांडतों. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला ताशीं १८ किलोमीटर इतकी गति कमी होते, असें धरूं. ताशीं ४० च्या वेगानें जाणारी गाडी थांबेपर्यंत सुमारें २३ मीटर जाईल. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर अंतर दुप्पट होत नाहीं. तें ७१ मीटर होतें. विचाराच्या सेकंदांत २२ आणि ब्रेक लागल्यावर ४९.

हें गणित माझ्या एका विद्यार्थ्यानें रस्त्यावर सोडविलें. नोकरी लागतांच त्यानें पहिलीच गाडी जोरकस घेतली. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, पुढें दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाहीं. त्याला ती दिसली, त्यानें ब्रेकहि दाबला. पण घाबरून इतका दाबला कीं चाक जागीं अडकलें आणि गाडी आडवी घसरत गेली. जीव वांचला, उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. भेटायला गेलों तेव्हां तो म्हणाला, "सर, गाडीचा दोष नव्हता. तिला जें येत होतें, तें मला येत नव्हतें." इतकें नेमकें उत्तर त्यानें वर्गांत कधीं दिलें नव्हतें.

आतां बारगीर आणि शिलेदार यांच्याकडे परत येऊं. इतर देशांनीं नवशिक्याचा घोडा सरकारनें ठरवावा, असें मानलें. इंग्लंडांत १९६१ पासून शिकाऊ स्वाराला २५० सी. सी. ची मर्यादा घातली गेली. १९८३ सालीं ती १२५ वर आणली. जपाननें १९७५ पासून चारशें सी. सी. च्या वरच्या गाड्यांसाठीं वेगळा परवाना ठेवला. युरोपांत मधल्या पायरीच्या परवान्याला ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारें ४७ अश्वशक्तीची मर्यादा आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें वयाची अट घातली आहे; अठरा वर्षांनंतर गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला कीं लहान इंजिन आणि मोठें इंजिन असा भेद तो करीत नाहीं. सरकारनें एक चांगली गोष्ट केली: १२५ सी. सी. च्या वरच्या गाड्यांना, नव्या नमुन्यांस एप्रिल २०१८ पासून व सर्वांस एप्रिल २०१९ पासून, चाक अडकूं न देणारा ए. बी. एस. ब्रेक सक्तीचा केला. माझ्या विद्यार्थ्याच्या वेळीं तो असता तर त्याचा गुडघा कदाचित् वांचता. परंतु गाडीची निवड सरकारनें केली नाहीं. आपला तरुण पहिल्या दिवसापासून शिलेदार आहे, आणि म्हणून ही जबाबदारी घराची आहे.

ती कशी पार पाडावी? मुलाला सरसकट नाहीं म्हणावें, हें मला पटत नाहीं. लहान इंजिनाच्या स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा आणि ब्रेक हे साध्या गाडीपेक्षां बहुधा सरसच असतात. तिची ओढ वाटणें हा गुन्हा नव्हे. पण पहिली एक-दोन वर्षें दीडशें सी. सी. च्या आसपास, पंधरा ते अठरा अश्वशक्तीची गाडी पुरे. बैठकीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात कीं नाहीं, आणि एकट्याला ती वाड्यांतून मागें ढकलतां येते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नवशिका पडतो तो बहुधा वेगांत नव्हे, तर वळवतांना आणि उभी करतांना. आणि कवचाची गाडी जागच्या जागीं पडली तरी खर्च मोठा होतो. हँडल फार खालीं असेल तर आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तासाभरांत मनगटें भरून येतात. शेवटीं, सगळे पैसे गाडींत घालूं नयेत; भारतीय मानक चिन्हाचें हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांची रक्कम आधीं बाजूला काढावी.

लहान गाडीचा लौकरच कंटाळा येईल, असें कोणी म्हणतील. येऊं द्यावा. शिकलेल्याला कंटाळा येतो, ही शिक्षण पुरें झाल्याचीच खूण आहे. मग ती विकून दुसरी घ्यावी.

आम्ही नातवाला घेऊन बीडला गेलों. मोठ्या गाडीवर तो बसला, टाचा अधांतरी राहिल्या. उतरून ती मागें ढकलूं लागला तेव्हां विक्रेत्याला धांवून हात द्यावा लागला. मुलगा कांहीं बोलला नाहीं आणि आम्हीहि बोललों नाहीं. परततांना गेवराईपर्यंत तो गप्प होता; मग म्हणाला, "दीडशेंचीच पाहूं." गाडी अजून घरीं आलेली नाहीं, ज्वारीचे पैसे हातीं आल्यावर येईल. हेल्मेट मात्र आलें आहे, आणि तें सध्यां माझ्या पुस्तकांच्या कपाटावर वाट पाहत बसलें आहे.