चित्रपट

चित्रपट (पु.) : मूळ अर्थ चित्र काढलेले वस्त्र, आजचा अर्थ सिनेमा. भाषाशुद्धीच्या चळवळीतला शब्द म्हणून तो सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. नव्या अर्थाचे श्रेय कोणालाही द्या, शब्द मात्र जुना संस्कृत आहे, आणि पट दाखवून गोष्ट सांगण्याची चालही जुनीच. ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपट, म्हणजे यमाचे चित्र असलेला पट, घेऊन दारोदार गात फिरतो; बाणाच्या ‘हर्षचरिता’तही भर बाजारात पोरांच्या गराड्यात यमपट उलगडला जातो. पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची चित्रे कागदावरची आणि संचाला नाव ‘पोथी’, तरी रीत तीच : चित्र समोर धरायचे आणि कथा गाऊन सांगायची.

खरी मेख ‘पट’ या पदात आहे. पट म्हणजे फिल्मची पट्टी, असे कोणी म्हणेल. पण पट्टीला मराठीत फीत किंवा रीळ म्हणतात. पट म्हणजे पडदा, ही व्युत्पत्ती अधिक पटते. ‘पटाक्षेप’ या शब्दातला पट रंगभूमीचा पडदाच आहे. कोल्हापुरात तर या अर्थाला माणसांचाच पुरावा आहे. बाबुराव मेस्त्री (जन्म १८९०) आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. महाल, अरण्य, रस्ता, सगळे कापडावर. त्या कामातून ‘पेंटर’ हेच आडनाव झाले. आनंदराव १९१६ साली वारले; दोघांनी घडवायला घेतलेला, पण अपुरा राहिलेला सिनेमाचा कॅमेरा बाबुरावांनी पुरा केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली झळकला. यावर आक्षेप असा की, रंगवलेले पडदे बाजूला सारून भरीव देखावे उभारले ते बाबुरावांनीच. मग पटाशी नाते उरले कुठे? पण हटला तो नटांच्या पाठीमागचा पडदा. प्रेक्षकासमोरचे कापड राहिले, आणि सगळे चित्र आता त्याच्यावरच उमटू लागले.

पुढे ‘पट’ एकटाच सिनेमाचा अर्थ वाहू लागला : मूकपट, बोलपट, माहितीपट. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा कोल्हापुरात तयार झालेला बोलपट. बोलण्यात कोल्हापूरकर ‘पिक्चर’ला जातो, हे खरे, पण चित्रपट महामंडळाच्या आणि मोरेवाडीच्या चित्रनगरीच्या पाटीवर ‘पिक्चर’ लिहायचे कोणाला सुचले नाही.