मॉडेल रेल्वेचा क्रॉसओव्हर: दोन सांधे, एक बटण आणि नेमकं वायरिंग

रोह्याहून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रोहा ते वीर हा साधारण 47 किमीचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. दुहेरी मार्ग म्हटला की गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेणारा क्रॉसओव्हर आलाच. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून आल्यावर अनेकांना घरी असा लेआउट करावासा वाटतो. मी तो अलिबागच्या खाऱ्या हवेत चालवतो, त्यामुळे इथे खास किनाऱ्यावरच्या टिपाही देतोय.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

दोन समांतर रूळ, प्रत्येकावर एक सांधा (पॉइंट) आणि मध्ये जोडणारा तिरका तुकडा. दोन्ही सांधे एकाच वेळी हलले पाहिजेत. एकच हलला तर गाडी घसरते किंवा शॉर्ट होतो. खऱ्या रेल्वेतही क्रॉसओव्हरची दोन्ही टोकं एकत्रच चालवतात. म्हणून आपल्यालाही एकच नियंत्रण हवं.

आधी इन्सुलेशन

दोन सांध्यांच्या मधल्या तुकड्यात दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर लावा. कारण सोपं आहे. फ्रॉग म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग. धातूचा (लाइव्ह) फ्रॉग असेल, तर सांधा सरळ असताना त्याचा ध्रुव एक असतो आणि समोरून येणाऱ्या रुळाचा उलटा. दोघं धातूने जोडले की थेट शॉर्ट.

मोटर कोणती?

*कॉइलवाली (सोलेनॉइड):* तीन वायरी असतात, एक कॉमन आणि दोन्ही बाजूंची एकेक. हिला फक्त क्षणभर वीज लागते. साधा चालू-बंद स्विच लावलात तर कॉइल जळते. म्हणून दाबून सोडायचं पुश बटणच वापरा.

*सर्व्हो (एसजी90):* स्वस्त आणि हळूहळू हलणारी, खऱ्या सांध्यासारखी. सोबत आर्डुइनो लागतो.

सोलेनॉइडचं वायरिंग

1. प्रत्येक मोटरला वेगवेगळी क्षणभर वीज देऊन बघा: कुठल्या वायरीने सांधा सरळ होतो, कुठल्या वायरीने तिरका.
2. दोन्ही मोटरींच्या 'सरळ' वायरी एकत्र करून पहिल्या बटणाला जोडा.
3. दोन्ही 'तिरक्या' वायरी एकत्र करून दुसऱ्या बटणाला.
4. दोन कॉमन वायरी एकत्र.
5. पुरवठा आणि बटणं यांच्यामध्ये सीडीयू, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट टाका. ते वीज साठवून एका झटक्यात सोडतं, त्यामुळे दोन्ही मोटरी जोरात फिरतात. बटण चुकून दाबलेलं राहिलं तरी कॉइल वाचते.

सर्व्होचं वायरिंग

दोन सर्व्होंना आर्डुइनोच्या दोन वेगळ्या पिन द्या, कारण प्रत्येकाचा कोन वेगळा सेट करावा लागतो. बटण मात्र एकच. वीज आर्डुइनोतून घेऊ नका. मोबाइलचा 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा जुना चार्जर चालतो. फक्त चार्जरची आणि आर्डुइनोची ग्राउंड वायर एकमेकांना जोडायला विसरू नका, नाहीतर सर्व्हो वेडंवाकडं थरथरतं.

फ्रॉगला वीज

लाइव्ह फ्रॉगला सांध्यासोबत ध्रुव बदलणारी वेगळी वायर द्या. सर्व्होसोबत हे काम एक मायक्रोस्विच करतो. साध्या डीसीवर दोन कंट्रोलर असतील, तर गाडी ओलांडताना दोघांची दिशा एकच आणि वेग जवळपास सारखा ठेवा.

किनाऱ्यावर राहत असाल तर

पावसाळ्यात खारी, दमट हवा सांध्याच्या पात्याखाली थर बसवते आणि गाडी नेमकी तिथेच अडते. पात्याच्या स्पर्शावर वीज सोपवू नका, प्रत्येक रुळाला स्वतंत्र फीडर वायर सोल्डर करा. लोखंडी रुळांना गंज लवकर चढतो, त्यामानाने निकेल सिल्व्हरचे रूळ कमी त्रास देतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे पुसण्याआधी वीज बंद करा आणि रूळ पूर्ण वाळू द्या.

शेवटची तपासणी

इंजिन ठेवण्याआधी मल्टिमीटरचा बीप मोड लावा. वीज बंद असताना मधल्या तुकड्यातल्या प्लॅस्टिक जॉइनरच्या दोन्ही बाजूंना टोकं टेकवा. फीडरमधून आडवळणाने मार्ग मिळू नये म्हणून आधी फीडर सोडवून ठेवा. बीप वाजला, तर इन्सुलेशन कुठेतरी चुकलंय. तो दुरुस्त होईपर्यंत पुरवठा चालू करायचा नाही. मग आधी एकटं इंजिन, आणि डबे त्यानंतर.